अंगणात न मावणारी निलगिरी

रिक्षा सिग्नलला थांबली आणि बाहेरून एक हिरवी फांदी आत शिरून माझ्या नाकावर आपटली. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. फांदी ओली होती, त्यामुळे चष्म्यावर पाण्याचे ओघळ आले. मी रुमाल शोधेपर्यंत ती माझ्या खांद्यावर रेलून निवांत झालीसुद्धा.

"ओ!" मी बाहेर डोकावून ओरडले. "तुमचं झाड सांभाळा की!"

शेजारच्या स्कूटरवर एक माणूस बसला होता. पायांमध्ये मातीची पिशवी आणि पिशवीत त्याच्याहून उंच रोप. त्याने मान वळवली.

"झाड सांभाळतोच आहे," तो म्हणाला. "तुम्ही जरा नाक सांभाळा."

आणि हसला.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. कुणी हसलं की इतर बायका डोळे बघत असतील, गालावरची खळी बघत असतील, मी दात बघते. खोडच लागली आहे. याचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातापुढे जरासा आला होता, गर्दीत एखादा टाचा उंचावून बघतो तसा. बाकी दात नीट होते.

"कसलं झाड आहे हे?" मी विचारलं. रागातच विचारलं, पण विचारलं.

"निलगिरी. एक पान चुरगळून बघा. नाकाला लागलं त्याची भरपाई."

मी पान चुरगळलं. तो ओळखीचा, थंड, डोक्यात जाणारा वास रिक्षाभर पसरला.

"भराभर वाढतं का?"

"बघता बघता. तुम्ही दुसरीकडे बघितलंत तर विचारतं, मॅडम, लक्ष कुठे आहे?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले. "मिळतं कुठे?" मी ओरडले. "कालव्याच्या पुलाखाली, नर्सरी!" तो ओरडला, आणि फांदी माझ्या खांद्यावरून सरसरत निघून गेली. मुठीतलं पान तेवढं राहिलं.

मला झाड हवंच होतं, आणि लवकर हवं होतं.

आमचं घर बैठं आहे. मागे स्वयंपाकघर, त्याच्या दाराशी दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांपुढे अंगण. अंगण म्हणायचं आपलं. खरं तर घर बांधून उरलेली जागा. ते पश्चिमेला आहे. इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या एका अवाढव्य झाडाची सावली आम्हाला फुकटात मिळत होती. मग शेजाऱ्यांनी घर वाढवलं, झाड गेलं, आणि दुपारनंतरचं ऊन हक्काने आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागलं. पावसाळ्यातसुद्धा दोन दिवस उघडीप मिळाली की भिंत तव्यासारखी तापायची.

'आमचं' म्हणते मी अजून. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. दादा-वहिनी लांबच्या शहरात असतात. बाबांच्या आजारपणात माझं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक म्हणतात. तसं काही नाही, कुणी मनासारखं विचारलंच नव्हतं. पण नातेवाइकांच्या सांगण्यात मी जास्त चांगली दिसते, म्हणून मी ते खोडून काढत नाही.

एकटीला भीती नाही का वाटत, असं सगळे विचारतात. भीती नाही वाटत. शांतता वाटते. लॅबमध्ये दिवसभर मेण आणि साचे, ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा माणसांची तोंडं. आणि घरी आलं की कुलूप उघडल्याचा आवाज, मग काही नाही. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो मी मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. निदान काहीतरी चालू आहे असं वाटायचं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "घर विकून टाकू. तू इकडे ये. मुलांना आत्या मिळेल, तुला माणसं मिळतील." त्यात त्याचा कसलाही स्वार्थ नव्हता, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नव्हतं. पाऊस संपेपर्यंत सांगते, असं मी म्हणून बसले होते. आणि मनाशी ठरवलं होतं की झाड लागलं तर राहायचं. नुकतं झाड लावलेलं घर कुणी विकतं का?

म्हणून मी कालव्याच्या पुलाखाली गेले.

"आलात!" तो पिशव्यांच्या रांगांमधून वर उठला. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. "नाक बरं आहे?"

"नाक बरं आहे. झाड दाखवा."

"कशासाठी हवंय? सावलीला, वासाला, की लोकांना दाखवायला?"

"सावलीला."

"सावलीला निलगिरी?" त्याने भुवया वर केल्या. "तिची पानं उन्हाला कड देऊन लटकतात. ऊन अडत नाही, नुसतं गाळल्यासारखं खाली येतं. दाट सावलीची दुसरी झाडं आहेत माझ्याकडे—"

"त्यांना वेळ लागतो?"

"लागतो की."

"मग नकोत. वाट बघायची माझी हौस फिटली आहे."

हे मी हसत म्हणाले होते. तो हसला नाही. क्षणभर बघत राहिला आणि मग हात पुसत निलगिरींच्या रांगेकडे गेला.

मी सगळ्यात उंच रोपावर बोट ठेवलं. त्याने मान हलवली आणि पिशवीची कड सोलून दाखवली. आत मुळांची दोरीच्या भेंडोळ्यासारखी वेटोळी झाली होती.

"दिसायला ऐटबाज आहे, पण पिशवीत फार दिवस राहिलं. आता जमिनीत लावलं तरी मुळं अशीच गोल फिरत राहणार. मोठा वारा आला की आडवं. निलगिरी घ्यावी तर लहान, गुडघ्याएवढी. ही बघा, लिंबाच्या वासाची. खोड पांढरंशुभ्र होतं."

पिशवीत फार दिवस राहिलेल्यांबद्दल तो हे जे बोलला, ते उगाचच मला लागलं.

"बरं, द्या हीच."

"अशी नाही देत," तो म्हणाला. "मोठ्या झाडाचं आमच्याकडे ठरलेलं आहे. आधी बांबू, मग झाड. वडिलांपासूनची पद्धत. लोक हौसेने लावून टाकायचे आणि काही वर्षांनी भांडायला यायचे की खिडकी अडली, वाट अडली. म्हणून जिथे झाड हवं तिथे आधी बांबू रोवायचा आणि काही दिवस त्याच्यासोबत राहून बघायचं. येता-जाता आडवा येतो का, सावली कुठून कुठे सरकते, सगळं बघायचं. पटलं की मग खड्डा."

"म्हणजे तुम्ही घरी येणार?"

"बांबू एकटा कसा येईल?"

तो दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आला. स्कूटरला आडवा बांधलेला बांबू, टोकाला लाल चिंधी. आल्या आल्या स्थळ बघायला आल्यासारखा अंगणभर नजर फिरवत उभा राहिला. कुंपणापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत पावलं टाकली. परत टाकली. मग मध्येच थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

"काय झालं?"

"काही नाही." तो घराकडे बघत होता. पायऱ्यांवर माझी एकच चप्पलजोडी होती, दोरीवर एकच टॉवेल. "एकट्याच राहता?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि पहार उचलून बांबूसाठी भोक पाडायला लागला.

बांबू उभा राहिला. त्याची बारीक सावली पायऱ्यांपर्यंत आली आणि लाल चिंधीची सावली उंबऱ्यावर हलायला लागली. आम्ही दोघं ती बघत उभे राहिलो. घरात पाहुणा आलेला असताना काय करतात ते मी विसरले होते, म्हणून चहाचं विचारायला उशीर झाला.

चहा पिताना त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"कवळ्या."

त्याचा कप अर्ध्यावर थांबला. "म्हणजे त्या दिवशी मी हसलो तेव्हा—"

"वरचा डावा सुळा. जरा पुढे आलाय."

त्याने पटकन तोंडावर हात धरला. "आता मी तुमच्यासमोर हसायचं कसं?"

"हसा की. मी दिवसभर सरळच दात लावते. कंटाळा आलाय सरळ दातांचा."

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. त्याने हात हळूच खाली घेतला. हसू तसंच होतं.

मग तो रोज येऊ लागला. बांबूची जागा पटत नव्हती ना! कधी सावली खिडकीच्या अलीकडेच संपायची. कधी कपडे वाळत घालताना बांबू आडवा यायचा. एकदा म्हणे नळाचा पाइप खालून जातो, एकदा म्हणे इथून वारा नीट लागत नाही. रोज बांबू उपटायचा, दोन पावलं सरकवायचा, माती दाबायची, आणि मग पायऱ्यांवर बसून सावली बघायची. तो खालच्या पायरीवर, मी वरच्या.

एका सकाळी लॅबला निघताना मी बघितलं तर जागेत काही म्हणजे काही खोट नव्हती. बांबू शहाण्यासारखा उभा. आज त्याने बघितलं की उद्या खड्डा, आणि परवापासून... मी पर्स खाली ठेवली, इकडे तिकडे बघितलं, आणि बांबू उपटून चांगला हातभर कुंपणाकडे नेऊन रोवला.

संध्याकाळी तो आला, बांबूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वाऱ्याने सरकला असेल," मी म्हणाले.

"असेल," तो गंभीरपणे म्हणाला. "या भागात वारा फार. मातीसुद्धा दाबून जातो."

शेजारच्या मावशींचं सगळं लक्ष होतं. कपडे काढायला गच्चीवर आल्या की तिथूनच ओरडायच्या, "अगं, त्या बांबूला पाय फुटलेत का काय? रोज नव्या जागी! झाड कधी लावणार आहेस, म्हातारी झाल्यावर?" तो मान खाली घालून माती दाबत राहायचा. कान लाल झालेले दिसायचे.

लॅबमध्ये मात्र माझी चांगलीच शोभा झाली. एका आजोबांची कवळी डॉक्टरांनी परत पाठवली. सोबत निरोप होता, आजी विचारतायत की यांचे दात असे कधीच नव्हते, हे कुणाचे बसवलेत? मी बघितलं. सगळे दात सरळ रांगेत, आणि वरचा डावा सुळा जरासा पुढे, टाचा उंचावून बघतोय. माझ्याच हातांनी तो मेणात बसवला होता, आणि मला पत्ताही नव्हता. एवढ्या वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती. सगळ्यांसमोर मी ती कवळी दुरुस्त करायला घेतली आणि तोंड मात्र खिडकीकडे करून बसले, कारण हसू आवरत नव्हतं.

तोही हळूहळू बोलायला लागला होता. नर्सरीच्या मागे एक खोली, तिथेच राहतो. वडील गेल्यापासून एकटाच.

"एवढी झाडं आहेत की सोबतीला," मी म्हणाले.

"विकायची झाडं कुणाची नसतात. मोठी व्हायच्या आत जातात." तो बोटाने पायरीवरची माती एका बाजूला करत होता. "पूर्वी बघायला जायचो, कशी झालीत म्हणून. लोक फाटकातूनच विचारायचे, काय हवंय? काय सांगणार... नाही जात आता."

भुरभुर पाऊस सुरू झाला. आम्ही उठून दाराशी, वळचणीखाली उभे राहिलो. जागा कमी होती. माझ्या खांद्याला त्याच्या बाहीचा ओलावा लागत होता आणि दोघांपैकी कुणीच सरकत नव्हतं.

"खरं सांगाल?" तो म्हणाला. "निलगिरीच का? सावलीसाठी नाही, ते मला पहिल्या दिवसापासून कळलंय."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

"तिची पानं बोलतात म्हणून. इतर झाडांना वारा लागतो, तिला नुसती झुळूक पुरते. सळसळ चालूच... घरात माझ्याशिवाय कुणाचातरी आवाज हवाय मला. बस, एवढंच."

त्याने हात उचलला आणि माझ्या केसांत अडकलेली बांबूची एक बारीक ढलपी काढली. ती टाकून न देता मुठीत धरली. मी पावसाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघण्याची माझी हिंमत नव्हती. त्या संध्याकाळी तो गेल्यावर मी कितीतरी वेळ दाराशीच उभी होते. घर नेहमीसारखंच शांत होतं, पण पहिल्यांदाच ती शांतता मला चालली.

आणि दादाचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगून टाकलं. "दादा, घर नको विकायला. मी राहतेय. झाड लावतेय अंगणात."

"झाड? कसलं?"

"निलगिरी."

तो हसला, चिडवण्यासारखं नाही, काळजीने हसतात तसं. "अगं वेडाबाई, आपल्या अंगणात? चार पावलं टाकली की भिंत लागते आपल्याला. ती वाढणार दोन-तीन मजले. उन्हाळ्यात तिच्या फांद्या आपोआप तुटून पडतात, आमच्या ऑफिसच्या आवारात बघतो ना मी. थेट तुझ्या छपरावर पडतील. कुणी भरवलं हे डोक्यात?"

"नर्सरीवाल्यांनी बघितलंय अंगण. पावलांनी मोजून."

"मग त्याला तरी कळायला हवं होतं," दादा म्हणाला.

मी फोन ठेवला. पावलं टाकताना मध्येच थांबलेला तो डोळ्यांसमोर आला. उघडलेलं आणि मिटलेलं तोंड.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून मी तशीच नर्सरीत गेले. तो रोपांना पाणी घालत होता. मला बघून चेहरा उजळला, आणि माझा चेहरा बघून उतरला.

"माझ्या अंगणात निलगिरी बसते का?" मी विचारलं. "हो की नाही, एवढंच सांगा."

हातातल्या नळीचं पाणी त्याच्या चपलांवर पडत राहिलं.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. बांबू कुठेही लावला असता तरी बसली नसती."

"आणि तरी एवढे दिवस..."

"तुम्हीही सकाळी बांबू हलवत होतात की," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "मला वाटलं... आपलं दोघांचंही..."

"मी जागा हलवत होते! झाड लागणार असं धरून चालले होते मी!" माझा आवाज चढला, आणि मला तो आवरता येईना. "त्या झाडाच्या भरवशावर मी भावाला सांगितलं, घर नको विकायला. राहते म्हणाले मी. तुमच्यासाठी खेळ होता, नाही का? संध्याकाळ जायला बरा!"

"घराचं मला माहीत नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्हीही कधी बोलला नाहीत," मी म्हणाले आणि निघाले. फाटकापर्यंत वाटलं, हाक मारेल. त्याने मारली नाही.

घरी येऊन मी बांबू उपटला आणि भिंतीला आडवा टाकून दिला. लाल चिंधी चिखलात पडली. मावशी गच्चीवरून बघत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

मग आले ते दिवस वाईट होते. आधी एकटेपणाची सवय होती, आता ती मोडली होती. संध्याकाळी कुठलीही स्कूटर वळली की कान टवकारायचे, आणि ती पुढे गेली की स्वतःचाच राग यायचा. मी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. नळाची टपटप आता सोबत वाटत नव्हती, नुसतीच टपटप वाटत होती. एका सकाळी प्लंबरला बोलावून मी तो नळ बदलून घेतला. त्या दिवसापासून घरात खरोखरच काही ऐकू येईनासं झालं.

दादाने ओळखीतलं एक जोडपं घर बघायला पाठवलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. चांगली माणसं होती. बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला आणि "बाई गं, किती तापते!" म्हणत मागे घेतला. नवरा अंगणात उभा राहून म्हणाला, "इथे फरशी घातली की गाडी छान लागेल." मी मान डोलावली. आई इथे केस वाळवत बसायची, बाबा इथेच पेपर वाचायचे, आणि गाडी खरोखरच छान लागली असती.

"संध्याकाळी कळवतो," ते म्हणाले. दादाचा मेसेज आला की त्यांना पसंत आहे, फक्त तुझं हो कळव, मी फोन करतो.

उन्हं कलली होती. मी दारात उभी राहून काय बोलायचं ते मनातल्या मनात जुळवत होते, आणि मागच्या फाटकाची कडी वाजली.

तो होता. पायी आला होता. हातात रोप नाही, बांबू नाही, पहार नाही. धुतलेला शर्ट. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा फाटकाशीच उभा राहिला.

"काय काम काढलंत?" मी विचारलं. आवाज जितका कोरडा ठेवता आला तितका ठेवला.

"काही काम नाही."

मी दारातून हलले नाही.

"काम नाही म्हणूनच एवढे दिवस येता आलं नाही," तो म्हणाला. "रोज काहीतरी निमित्त शोधत होतो. खत द्यायचं, बांबू परत न्यायचा... मग म्हटलं, पुन्हा तेच करतोय मी." तो थांबला. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी न्यायला येतो. इथे मी रोज यायचो, पायरीवर बसायचो, तुम्ही चहा द्यायचात. खरं सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी परत जावं लागलं असतं. नाही सांगितलं. चुकलं माझं. पण खेळ नव्हता तो. तुम्ही आवडता मला. खूप... एवढंच सांगायला आलो, आणि हेही काही काम नव्हे."

एवढं बोलून तो दमला असावा. जुन्या सवयीने येऊन खालच्या पायरीवर बसला, तोंड अंगणाकडे करून.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"काय गं, काय ठरलं? त्यांना काय सांगू?"

मी त्याच्या पाठीकडे बघितलं. तो आपण ऐकतच नाही असं दाखवत होता. कान लाल होते.

"नको म्हणून सांग, दादा."

"अगं पण झाड तर बसत नाही ना तिथे?"

"नाही बसत."

"मग कशासाठी राहतेस तू?"

इतके दिवस या प्रश्नापासून मी झाडाआड लपत होते. आता आड काहीच नव्हतं. "राहायचंय म्हणून राहतेय," मी म्हणाले. "माझं घर आहे. मला आवडतं. एकटं वाटतं, ते वाटू दे. तिकडे येऊनही वाटलंच असतं, फक्त तुम्हाला दिसलं असतं म्हणून लपवावं लागलं असतं."

दादा म्हणाला, "सुट्टीत मुलांना घेऊन येतो. पंखे तेवढे चांगले लावून ठेव." त्याचा आवाज जड झाला होता. माझाही झाला होता, म्हणून मी पटकन फोन ठेवला.

अंगणात ऊन तिरपं आलं होतं. डोळ्यांवर येत होतं, म्हणून बरं. डोळे पुसायला कारण मिळालं.

"एक बुटकी जात असते," तो तोंड न वळवता म्हणाला. "कलम केलेली निलगिरी. छपराच्या फार वर जात नाही. लाल फुलं येतात, पानं जरा जाड. सळसळ असते, पण आवाज थोडा बसका." तो थांबला. "हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझ्याकडे नाही, मागवावी लागेल. आणि ती सावकाश वाढते."

"सावकाश म्हणजे?"

"बसायला सावली हवी तर... पाच-सहा वर्षं तरी धरा."

पाच-सहा वर्षं. मी अंगणाकडे बघितलं. वाट बघायची माझी हौस फिटली होती ना? पण ती कुणाबरोबर बघायची हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि तोपर्यंत या उन्हाचं काय करायचं?" मी विचारलं.

तो वळला. सुळा दिसला.

"तोपर्यंत मी रोज येऊन इथे बसेन," तो म्हणाला. "फार नाही, पण थोडीफार माझीही पडते."

मी खाली बघितलं. त्याच्या खांद्यांची सावली पायरीवरून चढून उंबऱ्यापर्यंत, माझ्या पावलांवर आली होती. माझे पाय तेवढे गार होते. मी ते मागे घेतले नाहीत.